समोरच्या गल्लीतली आणि एनुगूची

महिला डॉक्टरांच्या संघटनेची वर्गणी भरायची वेळ आली की आमचे सर, म्हणजे माझे यजमान, ठरलेला प्रश्न विचारतात, "ह्याचं तुला मिळतं काय?" ते भूलतज्ज्ञ आहेत, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा परिणाम काही मिनिटांत दिसावा अशी त्यांची अपेक्षा असते. मध्यंतरी शिरपूरच्या एका नव्या डॉक्टर मुलीनेही फोनवर हेच विचारलं. "मॅडम, मेंबरशिप घेऊ का? सीव्हीला बरं दिसेल ना?" तिला म्हटलं, सीव्हीला बरं दिसेल, पण तुझा सीव्ही शिरपुरात वाचणार कोण? नीट उत्तर लिहून पाठवते म्हणाले होते. ते हे.

आधी माहिती, कारण आपल्याकडे निम्म्या जणींना ही संघटना आहे हेच माहीत नसतं. मेडिकल विमेन्स इंटरनॅशनल असोसिएशन ही १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. पहिल्या अध्यक्ष एस्थर पोल लव्हजॉय, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. त्या युद्धात अमेरिकन सैन्याने महिला डॉक्टरांना अधिकारी म्हणून घ्यायला नकार दिला होता. तेव्हा त्यांनी १९१७ मध्ये 'अमेरिकन विमेन्स हॉस्पिटल्स' नावाने स्वतःची पथकं उभी केली. लव्हजॉयबाईंनी पुढे कित्येक दशकं तो कारभार सांभाळला. तिकडे स्कॉटलंडच्या एल्सी इंग्लिस यांना युद्धखात्याने घरी जाऊन गप्प बसायला सांगितलं, असं सगळीकडे सांगतात. बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्सनी फ्रान्स आणि सर्बियात दवाखाने चालवले. या बाईंचा जन्म आपल्या नैनितालचा, १८६४ सालचा. म्हणजे ही जी जागतिक मैत्री झाली ती चहापाण्याच्या हौसेतून नाही झाली. सरकारं दारात उभी करत नव्हती, म्हणून या बायका एकमेकींकडे गेल्या.

आणि आपलं? आपल्याकडे अशा कार्यक्रमातलं कुठलंही भाषण आनंदीबाई जोशींचं नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून १८८६ साली पदवी, पुढच्याच वर्षी पुण्यात क्षयाने मृत्यू, मग दीपप्रज्वलन. मला त्या गोष्टीतला वेगळाच भाग आवडतो. न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका मासिकात आनंदीबाई आणि त्यांच्या नवऱ्याबद्दल वाचलं आणि पत्र लिहिलं. बाई स्वतः डॉक्टर नव्हत्या. पत्रापत्री वाढली, आणि आनंदीबाई तिकडे गेल्या तेव्हा उतरायला एक घर होतं. आणि कॉलेजात त्यांच्यासोबत जपानची केई ओकामी होती, सीरियाची सबात इस्लामबूली होती. तिघींचा १८८५ सालचा, आपापल्या देशाच्या पोशाखातला फोटो सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेला आहे. रखमाबाईंचंही तेच. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, लंडनला जायला मदत केली, आणि १८९४ साली रखमाबाई डॉक्टर झाल्या. पीचीबाई स्वतः एडिंबराला शिकायला म्हणून भांडलेल्या सात जणींपैकी. एकीने दुसरीला वर ओढायचं, ही तेव्हापासूनची रीत.

आपली असोसिएशन ऑफ मेडिकल विमेन इन इंडिया १९०७ सालची, म्हणजे जागतिक संघटनेपेक्षा बारा वर्षांनी थोरली. सुरुवातीला त्यात बहुतेक गोऱ्या डॉक्टरणी होत्या. १९१४ साली विमेन्स मेडिकल सर्व्हिस, म्हणजे महिला डॉक्टरांची वेगळी वैद्यकीय सेवा, सुरू झाली त्यामागे त्यांचाच रेटा होता. पुढे डॉ. जेरुशा झिराड अध्यक्ष झाल्या. लंडनच्या एम.डी., कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, आणि आम्हा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या देशव्यापी संघटनेच्या १९५० सालच्या पहिल्या अध्यक्ष. जागतिक संघटनेत आपण बहुधा या राष्ट्रीय संघटनेच्या मार्फत जातो. ज्या देशात अशी संघटनाच नाही तिथल्या बाईला एकटीने सभासद होता येतं. दर तीन वर्षांनी जागतिक अधिवेशन असतं. शताब्दीचं २०१९ चं न्यूयॉर्कला झालं. इतिहास इथे संपवते. शिरपूरच्या मुलीला इतिहास नको होता.

आता माझं.

मी शहाद्यात प्रॅक्टिस करते. शिक्षण धुळ्याच्या मेडिकलला, पुढचं पुण्याला, आणि लग्नानंतर इकडे. ज्यांना शहादा नकाशावर सापडत नाही त्यांच्यासाठी: नंदुरबार जिल्हा, उत्तरेला सातपुडा, खाली तापी, मधे केळी, पपई, ऊस. पेशंट दोन बाजूंनी येतात. खालच्या गावांतल्या बायका अहिराणीत बोलतात, गुजरीत बोलतात. वरून धडगाव-तोरणमाळकडच्या पावरा आणि भिल्ल बायका येतात. त्यांच्याशी बोलायला आमच्या सिस्टर. त्यांना पावरी येते, मला ऐकून ऐकून कामापुरती.

तालुक्याच्या गावातली स्त्रीरोगतज्ज्ञ किती एकटी असते हे शहरात बसून कळत नाही. पुण्याला निवासी डॉक्टर असताना रात्री दोनला अडलं तर वरच्या मजल्यावर रजिस्ट्रार होता, त्याच्या वर लेक्चरर, त्याच्या वर झोपमोड झाल्यामुळे चिडलेले सर. इथे माझ्या वर फक्त पंखा. भूल द्यायला नवरा आहे हे माझं भाग्य, पण "पोट उघडू की अजून अर्धा तास थांबू" हा प्रश्न भूलतज्ज्ञाला विचारून उपयोग नसतो. तो म्हणतो, तू सांग, मी तयार आहे.

समोरच्या गल्लीत अजून एक स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. माझ्यापेक्षा वयाने थोड्या मोठ्या, हात चांगला, निदान चांगलं. कित्येक वर्षं आमचं बोलणं लग्नसमारंभापुरतं. "काय मॅडम, कशा आहात?" "बठ्ठं बरं शे," म्हणजे सगळं ठीक, एवढंच. भांडण नव्हतं. धंदा होता. माझ्याकडची पेशंट त्यांच्याकडे गेली की माझ्या रिसेप्शनवरच्या मुलीला लगेच कळायचं, आणि त्यांच्याकडची आली की त्यांच्या. अशा बाईला मध्यरात्री फोन करून "मला सुचत नाहीये" असं कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात ऐकायला मिळायचं, त्या मॅडमला जमलं नाही म्हणून ह्या मॅडमला बोलावलं. आमच्याकडे बातमी एसटीच्या आधी पोचते.

म्हणून एनुगूची मैत्रीण मिळाली त्याचं मला एवढं अप्रूप. एनुगू हे नायजेरियातलं शहर. कोविडच्या काळात परिषदा ऑनलाइन झाल्या आणि माझ्यासारखीला पहिल्यांदा दार उघडलं, एरवी डॉलरमधली फी, व्हिसा आणि आठवडाभर बंद दवाखाना हे गणित कधी बसलंच नसतं. गरोदरपणातल्या रक्तक्षयावर एक सत्र होतं. ते संपल्यावर आम्हा चौघी-पाच जणींना एका छोट्या गटात टाकलं. बाकीच्या आपापल्या संस्थांची ओळख करून देत होत्या. ही एकटी म्हणाली, "माझ्याकडे सिकल सेलच्या बायका फार येतात, तुझ्याकडे?" मी म्हटलं, बाई, मी सातपुड्याच्या पायथ्याशी बसते.

सिकल सेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, हा आफ्रिकेचा, असं पुस्तकात वाचून आम्ही पास झालो. इथे आल्यावर कळलं की तो आपल्या पावरा-भिल्लांच्या घराघरांत आहे. आईबाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढे देणारे, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की मूल आजारी जन्मेल. हे मी रोज कागदावर चार गोल काढून समजावते. पण सिकल असलेली बाई गरोदर राहिली तर पुढे काय करायचं याचा हातखंडा आमच्याकडे कुणालाच नव्हता. वाचलेलं होतं, रोज केलेलं नव्हतं. तिने ते रोज केलेलं.

एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. वरच्या पाड्यावरची तेविशीतली मुलगी, आठवा महिना, ताप, छातीत दुखतंय, श्वास वरवर. सोबत नवरा आणि सासू. सिकलची प्राथमिक तपासणी, सोल्युबिलिटी टेस्ट, पॉझिटिव्ह; जुन्या कागदांत खात्रीच्या तपासणीचा, इलेक्ट्रोफोरेसिसचा, रिपोर्टही सापडला, एसएस, म्हणजे वाहक नव्हे, आजारीच. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन त्र्याण्णव टक्के. बाहेर अंगणात थंडी, त्या दिवसांत सगळं गाव खोकत असतं, न्यूमोनिया म्हणून मोकळं होणं सोपं होतं. दुपारचे दीड वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ, ती राउंडला निघालेली. एक्स-रेचा फोटो आणि चार ओळी पाठवल्या.

तिचं उत्तर लगेच आलं. ते माझ्या शब्दांत देते. न्यूमोनिया समजून नुसती अँटिबायोटिक देत बसू नकोस, अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलमुळे फुप्फुसावर आलेलं जिवावरचं दुखणं, धरून चाल. ऑक्सिजन लाव. दुखणं थांबवायच्या औषधात कंजुषी करू नकोस, दुखतंय म्हणून ती खोल श्वास घेत नाही आणि खोल श्वास घेत नाही म्हणून फुप्फुस बसतं. सलाइन मोकळं सोडू नकोस, मोजून दे. आणि जिथे रक्त आणि आयसीयू दोन्ही आहे तिथे आज पाठव, उद्या नाही.

यातलं एकही वाक्य पुस्तकाबाहेरचं नाही. पण "आज, उद्या नाही" हे पुस्तक सांगत नाही. आणि ते अशा बाईने सांगितलं होतं जिने उद्या पाठवलेल्या पेशंट पाहिल्या होत्या. ऑक्सिजन लावून, पहिला डोस देऊन, चिठ्ठीत सगळं लिहून धुळ्याला पाठवली. सासू ऐकत नव्हती, तिला गावच्या भगताकडे न्यायचं होतं. सिस्टरांनी तिला बाजूला घेऊन पावरीत काय सांगितलं देव जाणे, सासू पुढच्या सीटवर जाऊन बसली. धुळ्याला रक्त दिलं, मुलगी सावरली, आणि काही आठवड्यांनी दोन किलोच्या थोडं वरचं बाळ घेऊन घरी गेली.

आता यात दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. एनुगूची मैत्रीण मला विचारू लागली की तुझ्या पेशंटना निदान इतक्या उशिरा कसं होतं, आमच्याकडे तर लहानपणीच जिवावर बेततं. मग मी तिला सांगितलं की आपल्याकडच्या सिकल रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं, त्यामुळे आजार अनेकदा सौम्य दिसतो, माणूस "अंग दुखतं" म्हणत शेतात राबत राहतो, आणि पहिल्या बाळंतपणातच सगळं एकदम बाहेर येतं. तिला हे वाचून माहीत होतं, पेशंटच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा शिकवणाऱ्याच्या खुर्चीत बसले. शहाद्यातून.

दुसरं उदाहरण लंडनचं. १९ जुलै २०२२ ला ब्रिटनमध्ये पारा पहिल्यांदा चाळीसच्या वर गेला, ४०.३. तिथल्या महिला डॉक्टरांच्या संघटनेची, मेडिकल विमेन्स फेडरेशनची, एक सभासद अशाच एका गटातून ओळखीची झाली होती. तिचा निरोप आला: गरोदर बायकांना इतक्या उन्हात तुम्ही काय सांगता? मला आधी हसू आलं. चाळीस म्हणजे आमच्याकडे मार्चअखेर. पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, त्यांची घरं थंडी धरून ठेवायला बांधलेली नाहीत, ऊब धरून ठेवायला बांधलेली आहेत.

तिला जे लिहिलं ते असं. एप्रिल-मे मध्ये माझी गरोदर बायकांची ओपीडी सकाळी आठला सुरू होते आणि अकराला संपते, म्हणजे त्या ऊन डोक्यावर यायच्या आत घरी. "भरपूर पाणी प्या" हे सांगून काही होत नाही, त्यावर सगळ्या "हो मॅडम" म्हणतात. त्याऐवजी लिटरची रिकामी बाटली आणायला सांगते आणि विचारते, सकाळपासून ही किती वेळा भरली? लघवीचा रंग विचारते, सरळ. गडद असेल तर पाणी कमी पडतंय. ताक मीठ घालून, लिंबू-साखर-मीठ. डोकं दुखून उलटी झाली, चक्कर आली, बाळ हलायचं कमी झालं, तर संध्याकाळची वाट बघायची नाही. पत्र्याच्या घरात दुपारी झोपायचं नाही, ओटा, झाड, शेजारणीचं सिमेंटचं घर, काहीही चालेल. ओला पंचा अंगावर आणि पंखा. आमच्या सासूबाईंनी मागून सुचवलं की कांदा जवळ ठेवायलाही लिही. ते लिहिलं नाही, पण त्यांना "लिहिलं" म्हणून सांगितलं.

तिने ती यादी तिच्या दवाखान्यात लावली. बाटलीची युक्ती तिला फार आवडली. खरं सांगायचं तर माझ्या भिंतीवरच्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मला त्या लंडनच्या दवाखान्यातल्या कागदाचा जास्त अभिमान आहे.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मी या संघटनांची जाहिरात करतेय. तर नाही. त्यांच्याबद्दल माझ्या कुरबुरी भरपूर आहेत. परिषदांमध्ये इंग्रजीचे उच्चार ज्यांचे छान त्यांचंच म्हणणं ऐकलं जातं. विषय ठरवताना मोठ्या हॉस्पिटलातल्या, मोठ्या शहरातल्या बायका. एका परिषदेत चहाच्या वेळी शेजारच्या बाईंनी "तुम्ही कुठल्या संस्थेच्या?" विचारलं. मी म्हटलं, स्वतःचं नर्सिंग होम, शहादा. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पुढे कुणाला तरी शोधायला लागली. आणि या संघटना फक्त आधुनिक वैद्यकाच्या पदवीवाल्यांच्या. नियम म्हणून ठीक. पण आमच्या जिल्ह्यात बाईमाणूस सगळ्यात आधी ज्या बाईला दाखवते ती बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असते. तिच्या हातून वेळेवर चिठ्ठी निघाली तर माझ्याकडे पेशंट जिवंत येते. तिला वगळून मी कसलं जाळं विणणार?

आणखी एक. ठराव आणि निवेदनं खूप निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात आलं होतं की आरोग्यक्षेत्रातले सत्तर टक्के कर्मचारी बायका आणि वरच्या पदांवर जेमतेम पंचवीस टक्के. बरोबरच आहे, ते आकडे मीही भाषणात वापरलेत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या हॉस्पिटलात त्या डॉक्टर मुलीवर जे झालं त्यानंतर जगभरच्या गटांतून निरोप आले, आपल्याकडे संप झाला, आम्हीही शहाद्यात मेणबत्त्या घेऊन निघालो. त्या रात्री परत आल्यावर मी माझ्याच दवाखान्यातल्या सिस्टरांच्या झोपायच्या खोलीला आतून कडी आहे का ते बघितलं. होती, पण चौकट फुगल्यामुळे ती लागत नव्हती. सुताराला बोलावलं. परदेशातल्या निवेदनाने ती कडी बसत नाही, हे मी त्या ऑनलाइन गटातही लिहिलं. मेक्सिकोच्या एकीने खाली लिहिलं की तिनेही जाऊन कडी बघितली.

सगळ्यात उपयोगाचं ज्ञान मात्र कधी कधी संघटनेच्या बाहेरूनच येतं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात गर्भाशय आतून दाबून धरायला कंडोम आणि कॅथेटर वापरायची पद्धत ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांची, २००३ साली प्रसिद्ध झालेली. तयार बलून महाग, म्हणून त्यांनी हाताशी असलेल्या वस्तूंतून काढलेला मार्ग. कॅथेटरच्या टोकावर कंडोम ओढायचा, सिल्कच्या दोऱ्याने घट्ट बांधायचा, आत सरकवून सलाइनने फुगवायचा, अडीचशे-तीनशे, लागलं तर पाचशे मिलिलिटरपर्यंत, रक्त थांबेपर्यंत. मी ते पहिल्यांदा वापरलं तेव्हा रक्ताच्या पिशव्या नंदुरबारहून यायच्या होत्या. वॉर्डबॉयला म्हटलं, पळ, मेडिकलमधून कंडोमचं पाकीट आण. तो हलेना. बाईची सासू दारात उभी, मी ओरडतेय, आणि हा लाजतोय. शेवटी आमचे सर भूल सोडून ओरडले तेव्हा पळाला. आता ट्रॉलीच्या दुसऱ्या कप्प्यात पाकीट कायम असतं, आणि तोच वॉर्डबॉय महिन्याला तारीख तपासतो. रक्त मोजायची प्लास्टिकची पिशवीही तशीच. ती बेळगावच्या मेडिकल कॉलेजातल्या अभ्यासात वापरली गेली, आणि पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत दोन लाखांवर बाळंतपणांच्या अभ्यासात, २०२३ साली, दिसून आलं की रक्त मोजलं आणि सगळे उपचार एकाच वेळी दिले तर गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी कमी होतात. बेळगाव ते नायजेरिया आणि तिथून परत शहादा. पिशवीला पासपोर्ट लागत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते, शिरपूरच्या मुलीसाठी. एनुगूच्या मैत्रिणीला मी निर्धास्त विचारते, कारण तिला माझे पेशंट नको आहेत आणि तिच्या गावचा भाजीबाजार वेगळा आहे. पण रात्री दोनला ती माझ्यासमोर उभी राहून क्लॅम्प धरू शकत नाही. क्लॅम्प धरायला समोरच्या गल्लीतलीच लागते. परदेशातल्या बाईशी मोकळं होणं सोपं असतं, त्यात फारसं शौर्य नाही. अवघड काम गल्ली ओलांडायचं आहे.

ते मी कसं केलं? आमच्याकडे महिला डॉक्टरांचं मंडळ होतंच. संक्रांतीला हळदीकुंकू, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) एक सहल, भरीत पार्टी. लोक हसतात त्याला, मी हसत नाही. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्लेल्या बायका एकमेकींना फोन करतात, नुसत्या सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या व्याख्यानांत, शेजारी बसलेल्या करत नाहीत. फक्त तिथे कामाचं बोलणं वर्ज्य असल्यासारखं होतं. साड्या, मुलांचे नीटचे मार्क, कोचिंग क्लास. त्या ऑनलाइन गटांत एक पद्धत होती: प्रत्येकीने अशी एक केस सांगायची जिथे अडलं, आणि ऐकणारीने पहिली पाच मिनिटं सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. ती पद्धत मी उचलली. शहादा, तळोदा, दोंडाईचा, शिरपूर, जमेल तिथल्या जणी, बीएएमएसवाल्यांसह. पहिल्या बैठकीत शांतता. शेवटी तळोद्याच्या एका आयुर्वेदाच्या डॉक्टरने सुरुवात केली, तिला हरवण्यासारखं कमी होतं म्हणून असेल. तिने झटक्यांच्या पेशंटची गोष्ट सांगितली. प्रेशर वाढलेलं दिसत होतं, पण पाठवायला कुणाला फोन करावा, कोण रागावणार नाही, हे कळेना. "कोण रागावणार नाही" हे ऐकून आम्ही तिघी स्त्रीरोगतज्ज्ञ खाली बघत होतो.

समोरच्या मॅडम पहिल्या दोन-तीन वेळा आल्या नाहीत. मग एकदा आल्या, शेवटच्या खुर्चीवर बसल्या, काही बोलल्या नाहीत, भाकरी न खाता गेल्या. त्यानंतर पावसाळ्यात एका रात्री त्यांचा फोन आला. चिकटलेली वार, आधीच्या दोन सिझरच्या वणावर. सोनोग्राफीत शंका होती, पण घरचे धुळ्याला न्यायला तयार नव्हते, आणि मग कळा सुरू झाल्या. मी आणि आमचे सर दोघं गेलो. गल्ली ओलांडायला दोन मिनिटं लागतात. आत काय केलं ते इथे लिहीत नाही, डॉक्टर असाल तर तुम्हाला कळलंच असेल, नसाल तर झोप उडेल. बाई वाचली. पहाटे त्यांच्या ओट्यावर चहा पिताना त्या म्हणाल्या, "तुमचा तो सिकलवाला आफ्रिकेचा नंबर मलाही द्या." दिला.

आता आमचं असं ठरलंय की त्या मे महिन्यात लेकीकडे पुण्याला जातात तेव्हा त्यांच्या दिवस भरलेल्या बायका मी बघते, आणि दिवाळीत मी माहेरी जाते तेव्हा माझ्या त्या. फाइल उघडी ठेवायची, लपवाछपवी नाही. पेशंटला आधीच सांगायचं. पैशाचं मात्र अजून जुळलेलं नाही. माझं म्हणणं, जिच्या हातून बाळंतपण तिची फी. त्यांचं म्हणणं, नऊ महिने जिने तपासलं तिला निम्मी. दोंडाईचाच्या बैठकीत हा विषय परत घेणार आहोत. शिरपूरच्या मुली, तू ये. वर्गणीचं तिथेच बघू, आणि येताना जिथे अडली होतीस अशी एक केस घेऊन ये.